स्टॅबिलायझर लंबकासारखा झुलत होता, तो असा थांबला
स्टॅबिलायझर म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा, हातात धरायचा दांडा: वर प्लेटवर कॅमेरा, खाली वजनाच्या चकत्या. चालून थांबलं की कॅमेरा पुढे-मागे झुलायचा. परभणीतल्या एका वरातीचं अख्खं फुटेज वाया गेलं, डोकंच फिरलं. खाली चकत्या वाढवल्या, तर झुलणं वाढलं आणि मनगट भरून आलं.

शेवटी पंखा बंद केला (झुळूकही फसवते). बॅटरी, कार्ड घालून, लेन्सचं झाकण काढून, झूम ठरवून मगच कॅमेरा बसवला. वरची प्लेट आधी डावी-उजवी, मग पुढे-मागे केसभर सरकवत दांडा ओळंब्यात आणला. दांडा आडवा धरून सोडला. सेकंदाच्या आत सरळ झाला, म्हणजे खाली जड. खालच्या दोन्ही टोकांची एकेक चकती काढली, तेव्हा सरळ व्हायला 2 ते 3 सेकंद लागले, हेच हवं होतं. प्लेट पुन्हा जुळवून स्क्रू आवळले. झूमला हात लावला, की पुन्हा पहिल्यापासून.