मृदंगम सुरात कसा लावायचा

पखवाज ऐकत वाढलेल्या माणसाला कर्नाटक संगीतातला मृदंगम परका वाटत नाही. फणसाचं खोड, उजवीकडे शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा गोल थर, डावीकडे पखवाजाला आपण कणीक लावतो तिथे रवा. पखवाजासारखे गठ्ठे, म्हणजे ताण देणारे लाकडी ठोकळे, मात्र नाहीत. दोन्ही तोंडं एकाच वादीने (चामड्याच्या पट्टीने) ओढलेली असल्यामुळे एक ताणलं की दुसरंही थोडं हलतं. म्हणून आधी उजवं लावावं, मग डावं.

सुरुवात षड्जापासून, म्हणजे 'सा'पासून. गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे त्याचा 'सा' कुठला, ते विचारून घ्या. तिकडे पट्टीला 'कट्टै' म्हणतात: १ कट्टै म्हणजे आपली पेटीवरची पांढरी १, ५ कट्टै म्हणजे पांढरी ५. पुरुषांचा स्वर बहुधा पहिल्या-दुसऱ्या कट्टैत असतो, बायकांचा पाचवीच्या आसपास. एकाच मृदंगमावर दोन्ही पट्ट्या ओढून आणू नका, कातडं लवकर जातं. खालच्या स्वराला लांब खोड लागतं, वरच्याला आखूड.

आता तंबोरा सुरू करा. अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवा आणि तर्जनीने चाटेवर, म्हणजे कातड्याच्या काठावर, 'नम्' हा बोल वाजवा. एका घरावर नाही, सगळ्या घरांवर, गोल फिरत. घर म्हणजे वादीच्या दोन ओढींमधला काठाचा भाग. हातोडी उचलण्याआधी दोन फेऱ्या नुसतं ऐका. कुठलं घर चढं, कुठलं उतरलं, हे कानाला कळेपर्यंत ठोकण्यात अर्थ नाही.

परंपरेने ठोकायला गोटा आणि लाकडी खुंटी वापरतात. खुंटी गजऱ्यावर (तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) टेकवून वरून खाली ठोकलं की स्वर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. ठोका लहान द्या आणि लगेच वाजवून बघा. एक घर चढवलंत की समोरचं घरही तपासा, कारण ताण तिथेही पोचलेला असतो. शिकाऊ माणूस एकाच घराच्या मागे लागतो आणि मग शेजारची दोन बिघडतात. शाईवर चुकूनही घाव पडू देऊ नका. मृदंगमाचे उपस्वर, म्हणजे मुख्य स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, सुरेल जुळतात ते या शाईमुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं. सगळी घरं 'सा' बोलायला लागली की उजवं झालं. तरीही वादीच सैल वाटत असेल, तर ती ओढायचं काम कारागिराकडे द्या.

डाव्या तोंडासाठी बारीक रवा पाण्यात भिजवून चिकट होईपर्यंत मळा. कातड्याचा मध्यभाग ओल्या बोटाने पुसा, गोळा ठेवा आणि कडेकडेने दाबत पसरवा. थाप मारून ऐका, खालचा सा हवा. आवाज चढा असेल तर रवा वाढवा, बसका वाटला तर चिमूटभर काढा. वाजवताना रवा सुकतो आणि स्वर वर सरकतो, म्हणून पाण्याची वाटी जवळ असू द्या.

वादन संपलं की रवा तिथेच ओला असताना काढा आणि कातडं पुसून कोरडं करा. रात्रभर राहिलेला रवा दगडासारखा होतो, खरवडताना कातडं सोलतं.