डिबेटला पब्लिक बसवताय? मग टाळ्यांचं काय ते आधीच ठरवा

उमेदवारांना एका स्टेजवर आणून डिबेट घ्यायची ठरली की सगळी चर्चा प्रश्न कोण विचारणार, वेळ किती द्यायचा, पहिलं कोण बोलणार यावरच होते, आणि समोर बसलेल्या तीनचारशे लोकांनी आवाज करायचा का नाही हे कुणाच्या डोक्यातच नसतं. मग दहाव्या मिनिटाला एक जण टाळी घेणारं वाक्य टाकतो, अर्धा हॉल उसळतो, उरलेला अर्धा त्याची हुर्यो उडवतो आणि मॉडरेटर बिचारा "प्लीज, प्लीज" करत बसतो. तेव्हा नियम काढून उपयोग नाही, कारण ज्याला टाळ्या मिळायच्या त्याला मिळून झाल्या, आता दुसऱ्याच्या वेळी गप्प बसा म्हटलं की तुम्हीच पक्षपाती.

म्हणून आधी एवढंच ठरवा की डिबेट कुणासाठी आहे. फक्त हॉलमधल्या लोकांसाठी असेल, कुठेही दाखवणार नसाल, तर थोडा आवाज चालतो, सगळे एकाच खोलीत आहेत, कोण कुणाचा माणूस ते सगळ्यांना दिसतंय. पण टीव्हीवर किंवा लाईव्ह दाखवणार असाल तर हॉल गप्प पाहिजे. घरी बसलेल्याला टाळ्या ऐकू येतात, पण वाजवणारे कोण ते दिसत नाही, आणि त्याला वाटतं लोकांना पटलं बुवा. १९८४ ला अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार रेगन आणि मोंडेल यांच्या डिबेटमध्ये रेगनना तुमचं वय जास्त नाही का असा प्रश्न आला, ते म्हणाले की मी समोरच्याच्या तरुणपणाचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा उठवणार नाही, आणि असा हशा पिकला की खुद्द मोंडेल हसले. नंतर संशोधकांनी त्याच डिबेटचा व्हिडिओ प्रेक्षकांचा प्रतिसाद कापून लोकांना दाखवला तर रेगनबद्दलचं मत खाली आलं. वाक्य तेच, माणूस तोच, फक्त हशा गेला.

आता माझं मत. हसणं आणि टाळी या दोन गोष्टींना एकच नियम लावू नका. हसू फुटतं, टाळी वाजवावी लागते. हसणाऱ्याला शिक्षा करायला गेलात तर तुम्हीच हास्यास्पद ठराल, आणि कधीकधी हशा असं काही सांगून जातो जे मॉडरेटरला सांगता येत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन आणि विरोधी पक्षनेते कॉर्बिन यांच्या आयटीव्ही चॅनेलवरच्या डिबेटमध्ये सत्य महत्त्वाचं आहे का या प्रश्नावर जॉन्सन बोलायला लागले आणि हॉलमध्ये हशा झाला, तो कुणी ठरवून केलेला वाटत नाही. टाळ्या, शिट्ट्या, घोषणा मात्र बाहेरून ठरवून आणता येतात. त्यामुळे हशा माफ, बाकी बंद, आणि हा नियम दोन्ही उमेदवारांच्या टीमकडून आधी लेखी घ्या. ब्रिटनमध्ये २०१० ला पंतप्रधानपदाच्या पहिल्या टीव्ही डिबेट झाल्या तेव्हा तब्बल ७६ नियम ठरले होते आणि चर्चा चालू असताना टाळ्या नाहीत हे त्यातच होतं. तुम्हाला ७६ नकोत, एका पानात बसवा.

पण उमेदवार सहज तयार होतील असं धरून चालू नका, ज्याला टाळ्यांवर चढायची सवय आहे तो कुरकुर करणारच. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत साऊथ कॅरोलायना राज्यात रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्यांच्या डिबेटमध्ये पहिलाच प्रश्न त्यातल्या न्यूट गिंग्रिच यांच्या खासगी आयुष्यावर आला, ते उलटे प्रश्न विचारणाऱ्यावरच तुटून पडले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, दोन दिवसांनी तिथली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, त्यांनी जिंकली. पुढची डिबेट टँपाला, तिथे प्रेक्षकांना गप्प बसायला सांगितलेलं, आणि गिंग्रिच एकदम फिके पडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले की प्रेक्षकांना असं गप्प बसवणार असतील तर मी यापुढे येणार नाही. म्हणजे कोण किती हॉलच्या जोरावर बोलतो हे बघायचं असेल तर हॉल शांत करून बघा.

पासचं सांगायचं तर दोन्ही बाजूंना सारखे द्या, पण एका बाजूचे सगळे एका गठ्ठ्यात बसवू नका, मिसळून बसवा. शेजारी समोरच्या पक्षाचा माणूस असला की ओरडायला जरा संकोच वाटतो.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. टाळ्या चालू असताना टायमर थांबवायचा का? बरेच जण थांबवतात, आणि तिथेच फसतात, कारण मग टाळ्या फुकट पडतात. मी म्हणेन टाळ्या वाजल्या तर टायमर चालूच ठेवा, ज्याच्यासाठी वाजल्या त्याचीच सेकंद गेली, दोनदा असं झालं की त्याचे कार्यकर्तेच एकमेकांना गप्प करतात. पण हुर्यो झाली तर टायमर थांबवा, नाहीतर विरोधक मुद्दाम ओरडून समोरच्याचा वेळ खातील. आणि हे सुरुवातीला मोठ्याने सांगा, नुसतं "कृपया शांतता राखा" कुणी मनावर घेत नाही. २०१६ ला ट्रंप आणि क्लिंटन यांच्या दुसऱ्या डिबेटमध्ये आवाज झाल्यावर मॉडरेटरने हेच सांगितलं होतं की टाळ्या वाजवू नका, नुसता वेळ वाया घालवताय. सभ्यतेपेक्षा वेळेची भाषा लोकांना लवकर कळते असं मला वाटतं.

साऊंडवाल्याला आधी भेटा. प्रेक्षकांवर रोखलेले माईक असतील तर त्यांचा आवाज लाईव्हला किती जाणार ते ठरवून घ्या, पण पूर्ण शून्य करू नका, कारण आवाज उमेदवाराच्या माईकमधून थोडा जातोच आणि तो मधेच का थांबला हे घरच्या माणसाला कळत नाही. (साऊंडला हलकं घेऊ नका, १९७६ ला अमेरिकेत फोर्ड आणि कार्टर यांच्या अध्यक्षीय डिबेटमध्ये आवाज गेला आणि दोघं २७ मिनिटं स्टेजवर तसेच उभे होते.)

हे सगळं झेपणार नसेल तर पब्लिकच बोलवू नका. १९६० ची केनेडी-निक्सन यांची पहिली डिबेट शिकागोच्या स्टुडिओत प्रेक्षकांशिवायच झाली, २०२४ मधल्या अमेरिकेतल्या दोन्ही अध्यक्षीय डिबेटही तशाच. त्यात एक तोटा आहे, समोर माणसंच नसली की उमेदवार बिनदिक्कत काहीही ठोकून देतो, समोरची चारशे तोंडं वाकडी होताना दिसली असती तर कदाचित जरा आवरलं असतं. म्हणून मला स्वतःला गप्प बसलेला पण भरलेला हॉल आवडतो.

तरी एखादा ओरडणारा निघतोच. पहिल्या वेळी नाव न घेता सगळ्यांना आठवण, दुसऱ्या वेळी त्याच्याकडे बघून, तिसऱ्या वेळी स्वयंसेवक त्याला बाहेर नेतील, आणि त्याच्याशी मॉडरेटरने वाद घालायचा नाही, कॅमेरा तिकडे वळवायचा नाही. आणि डिबेट संपली की दोघांसाठी मिळून एकदाच टाळ्या वाजवायला सांगा, लोकांनी दोन तास दाबून धरलेल्या असतात.