शंकुच्छेदाच्या प्रकल्पाची तयारी: शाडू, दोरा आणि पट्टी

अकरावीच्या गटाला शंकुच्छेद, म्हणजे शंकू सपाट कापल्यावर मिळणारे वक्र, हा विषय मिळाला की पहिल्याच दिवशी सगळे नेटवरच्या रंगीत आकृत्या छापायला धावतात. तो खर्च शेवटी करा, नाहीतर करूच नका. परीक्षक फिरून फिरून एकच विचारतात: हा वक्र पॅराबोलाच आहे हे कशावरून? त्याचं उत्तर पट्टीने मोजून देता येईल, असंच सामान जमवा.

पहिली शाडू. ठाण्यात गणपतीच्या कारखान्यांतून सुटी मिळते, पण हंगाम उलटला असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं. चार किलो पुरते. कार्डशीटवर १२ सेंटीमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढून कापा आणि त्याच्या सरळ कडेचे दोन अर्धे भाग एकमेकांना भिडवून चिकटवा. तयार झालेल्या शंकूचा तळ १२ सेंटीमीटर व्यासाचा आणि तिरकी बाजूही १२. म्हणजे बाजूने पाहिलं तर समभुज त्रिकोण, तळाशी कोन ६० अंश. हाच साचा. आतून तेलाचा हात फिरवा, शाडू दाबून भरा, थोडी घट्ट झाली की काढा. असे चार शंकू.

आता कापणी. सुरी वापरू नका, ती माती ओढते. दोघांनी दोन टोकं धरून ताणलेला बारीक नायलॉनचा दोरा साफ कापतो. तळाशी समांतर कापलं की वर्तुळ. थोडं तिरकं, ६० अंशांपेक्षा कमी कोनात, आणि दोरा तळातून बाहेर न येता दोन्हीकडच्या उतारांतून आरपार गेला, तर लंबवर्तुळ. बरोबर ६० अंशांत, म्हणजे समोरच्या तिरक्या बाजूला समांतर कापलं तरच पॅराबोला, आपला अन्वस्त. त्याहून उभं, पण टोकातून न जाता कापलं की हायपरबोला, म्हणजे अपास्त. खरी कसरत तिसऱ्या शंकूची. कोन जरा इकडेतिकडे झाला तर तुमच्या हातात लंबवर्तुळाचा किंवा अपास्ताचा तुकडा येतो आणि डोळ्यांना तो अगदी पॅराबोलासारखा दिसतो. म्हणून पुठ्ठ्याचा ६० अंशांचा गुण्या करून शेजारी उभा धरा. अपास्ताची एकच फांदी का, हे विचारलं जाईलच. दुसरी फांदी टोकाला टोक लावून उलट्या ठेवलेल्या शंकूत असते, त्यासाठी कागदाचा एक रिकामा शंकू जवळ असू द्या. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत शाडू लवकर वाळत नाही, आणि घाई करून पंख्याखाली ठेवली तर तडकते. ही कामगिरी सगळ्यांत आधी उरका.

लंबवर्तुळासाठी ड्रॉइंग बोर्ड, दोन बोर्ड पिना आणि न ताणला जाणारा दोरा. गजऱ्याचा दोरा तुटतो, लोकर ताणली जाते, गोधडीचा चालतो. पिना १६ सेंटीमीटर अंतरावर, दोऱ्याचं कडं गाठ धरून एकूण ३६ सेंटीमीटर. पेन्सिल फिरवून झाली की आकृती २० सेंटीमीटर लांब आणि १२ रुंद यायला हवी. आली तर उत्केंद्रता, म्हणजे पिनांमधलं अंतर भागिले आकृतीची लांबी, ०.८. नाही आली तर गाठ तपासा.

त्याच बोर्डवर मला सर्वांत आवडणारा भाग: पृथ्वीची कक्षा खऱ्या प्रमाणात. केप्लरने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं १६०९ मध्ये मांडलं, आणि तेव्हापासून मुलं ती अंड्यासारखी चपटी काढतात. उत्केंद्रता फक्त ०.०१६७ आहे. अर्धा दीर्घ अक्ष, म्हणजे अर्धी लांबी, १० सेंटीमीटर घेतला तर अर्धा लघु अक्ष, म्हणजे अर्धी रुंदी, त्याहून ०.०१४ मिलिमीटरच कमी भरतो. पेन्सिलची रेघ याहून कितीतरी जाड. सूर्य एका पिनेच्या जागी असतो, तो मात्र केंद्रापासून १.७ मिलिमीटर सरकलेला दिसतो. शेजारी हॅलेचा धूमकेतू काढा, उत्केंद्रता ०.९६७: लांबी २० सेंटीमीटर, रुंदी जेमतेम ५.१, आणि सूर्य टोकापासून ३.३ मिलिमीटरवर. ‘उन्हाळा सूर्य जवळ आल्यामुळे’ असं गटात कुणी म्हणत असेल, तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, एवढं सांगून ठेवा.

पॅराबोलासाठी दोन गोष्टी. एक, ट्रेसिंग पेपर: खालच्या कडेपासून तीन-चार सेंटीमीटर वर एक बिंदू ठेवा आणि कडेवरचा एकेक बिंदू त्याच्यावर आणून घड्या घाला. वीस-पंचवीस घड्यांत वक्र उमटतो. दोन, चंदेरी कार्डशीटची पन्हळ. तिला आकार द्यायला जाड पुठ्ठ्याच्या दोन फासळ्या कापा. मधल्या रेषेपासून जितके सेंटीमीटर दूर, त्याचा वर्ग भागिले १०० इतकी उंची. म्हणजे १० वर १, २० वर ४, ३० वर ९. नाभी, म्हणजे समांतर किरण परावर्तित होऊन जिथे एकत्र येतात ती जागा, तळापासून २५ सेंटीमीटर वर येते. पन्हळ सूर्याकडे वळवून तिथे कागदाची पट्टी धरा. उजेडाची रेघ तिथेच बारीक होते की नाही ते दिसेल. चकाकीकडे थेट पाहू नका आणि पन्हळ उन्हात सोडून जाऊ नका. कढईला फॉइल लावून ‘पॅराबोलिक’ म्हणणारे गट दरवर्षी असतात. कढई बहुधा गोलाचा तुकडा असते, हीच पट्टी लावली की उघडं पडतं.

गच्चीवरची डीटीएचची थाळी दाखवायची असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींकडून चावी मागा, पण लावलेली थाळी हलवू नका, शेजारी बोलतील. भंगारवाल्याकडून जुनी आणलेली बरी. या थाळ्या ऑफसेट असतात: पॅराबोला स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून मिळणाऱ्या वाडग्याचा, म्हणजे पॅराबोलॉइडचा, एका बाजूचा तुकडा. म्हणून रिसीव्हर मधोमध नसून खालच्या दांडीवर असतो, आणि थाळीची कडा स्वतः लंबवर्तुळ असते. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही थाळ्या मात्र सममित, नाभी बरोबर मध्यावर.

फोटोंची निवड जपून करा. वांद्रे-वरळी सेतूचा फोटो जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये असतो. त्याच्या तारा सरळ आहेत. नळीतून उडणारी पाण्याची धार घ्या, मोबाईल धारेला काटकोनात धरून. आलेखकागदावर समान अंतरांनी उंच्या मोजा, लागोपाठच्या उंच्यांतले फरक काढा, मग त्या फरकांचे फरक. ते सारखे आले की पॅराबोला. नंतर एक साखळी खोलवर लोंबत सोडून तिच्यावर हेच करा. तिथे ते सारखे येत नाहीत, टोकांकडे वाढत जातात. तो वक्र वेगळा आहे, हे हॉयगेन्स, लायबनिट्झ आणि योहान बर्नुली यांनी १६९१ मध्ये दाखवलं. अपास्तासाठी टॉर्चभोवती कागदाची नळी गुंडाळा आणि ती भिंतीला समांतर धरा, भिंतीवरच्या उजेडाची कडा अपास्त असते. तेवढं पुरे.

इतिहास अर्ध्या पानात बसवा: प्राचीन ग्रीक गणितज्ञ मेनेक्मस, मग पर्गाचा अपोलोनियस, ज्याच्या शंकुच्छेदांवरच्या ग्रंथाच्या आठ खंडांतले सात उरले आणि त्यांतले तीन केवळ अरबीतून.

जमा करायच्या दिवशी शंकू वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, गर्दीच्या लोकलने नाही, रिक्षाने. कच्च्या नोंदींची वही फेअर करू नका, खाडाखोडीसकट ठेवा. पोचल्यावर पन्हळ दमट हवेने वाकली नाही ना, २० वर ४ येतंय ना, एवढं एकदा मोजा आणि पट्टी टेबलावरच असू द्या.