परदेशात शिकताना तब्येतीच्या बाबतीत या चुका टाळा

परदेशात शिकायला जाणारा विद्यार्थी निघताना कुठल्या तरी अनोळखी रोगाची धास्ती घेतो. प्रत्यक्षात या वयात जिवावर बेततं ते बहुतेक वेळा रस्त्यावर, पाण्यात किंवा दारूच्या नशेत. ओळखीचं कोणी बघत नसतं, नव्या मित्रांपुढे मागे हटणं जड जातं आणि इथले दिवस मोजकेच आहेत असं सारखं वाटत राहतं. त्यामुळे घरी जे कधी केलं नसतं ते सहज होऊन जातं. आमचा मुख्य आग्रह मात्र त्यापुढच्या काही तासांबद्दल आहे. घरी कळेल, व्हिसावर परिणाम होईल, बिल भरता येणार नाही, या भीतीने मुलं गप्प बसतात आणि बरं होण्याची मुदत हातची निघून जाते. खालच्या बहुतेक उपायांना अशी मुदत आहे, आणि तीच लक्षात ठेवायची आहे.

निघण्याआधी होणाऱ्या चुका

लशींचा विचार शेवटच्या आठवड्यात होतो. हिपॅटायटिस बीच्या लशीचे नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, तर गोवराच्या लशीच्या दोन डोसांत किमान 28 दिवसांचं अंतर लागतं. वसतिगृहात राहणार असाल तर मेनिन्जायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या) एसीडब्ल्यूवाय लशीबद्दल विचारा, कारण दाटीवाटीने राहणाऱ्या तरुणांत हा आजार पसरतो आणि काही तासांत गंभीर होऊ शकतो. डॉक्टरांकडे किमान 6 ते 8 आठवडे आधी जा आणि सुट्टीत कुठे फिरणार आहात तेही सांगा. विद्यापीठाचं शहर सुरक्षित असतं. अडचण येते ती सुट्टीतल्या शेजारच्या देशाच्या सहलीत.

रोजची औषधं नेतानाची चूक जास्त महागात पडते. एका देशात डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध दुसऱ्या देशात बेकायदा असू शकतं. एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासासाठी) दिली जाणारी अ‍ॅम्फेटामिनची औषधं जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत आणि सर्दीच्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनवरही तिथे मर्यादा आहे. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) प्रवास करताना झोपेच्या, चिंतेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांसाठी 30 दिवसांपर्यंतचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्या देशाच्या दूतावासाकडून किंवा आरोग्य खात्याकडून लेखी उत्तर घ्या. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, हातातल्या बॅगेत ठेवा आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. मूळ नावंसुद्धा बदलतात: पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या सॅल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. हे ठाऊक नसलं की एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेतलं जातं. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची मर्यादा 24 तासांत 4 ग्रॅम आहे, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही ते असतं. चुकून जास्त गेलं तर पहिल्या दिवशी बहुधा फारसं काही जाणवत नाही. यकृत नंतर बिघडतं. उतारा 8 तासांच्या आत सुरू झाला तर उत्तम काम करतो, म्हणून त्रासाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

विम्याच्या कागदात काय मिळतं ते सगळे वाचतात, काय मिळत नाही ते कोणी वाचत नाही. दारू पिऊन झालेला अपघात, परवान्याशिवाय चालवलेली दुचाकी, साहसी खेळ, आधीपासूनचा आजार आणि मानसिक उपचार या पाच गोष्टी वगळल्या आहेत का ते आधी बघा. रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च मिळतो का, हा सहावा प्रश्न. मदतीचा क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक फोनमध्येही असू द्या आणि पाकिटात कागदावरही, कारण अपघातात फोन फुटतो.

भाड्याची स्कूटर

सहलीत सर्वांत धोकादायक वस्तू हीच. घरच्या परवान्यावर आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, पण मूळ परवाना फक्त मोटारीचा असेल तर त्यावर दुचाकी चालवता येत नाही, आणि मग विमाही हात वर करतो. आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरतात, दोन्ही जवळ ठेवा. तारण म्हणून पासपोर्ट देऊ नका.

हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी कमी होतो, पण ते मापाचं हवं. घालून पट्टा लावा, मागून पुढे ढकला; निसटून कपाळावर आलं तर दुसरं मागा. पट्टा आणि हनुवटी यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. निघण्याआधी दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा, टायर बघा, आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढा.

गाड्या उलट बाजूने चालणाऱ्या देशात पहिले काही आठवडे रस्ता ओलांडताना डोळे सवयीने चुकीकडे वळतात. दोन्हीकडे बघा, एकेरी रस्त्यावरसुद्धा. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी गाडी हातात घेऊ नका: 17 ते 19 तास सलग जागं राहिल्यावर हात आणि लक्ष जवळपास रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं काम करतं. टॅक्सीत मागे बसलात तरी पट्टा लावा. पट्टाच नसेल तर दुसरी टॅक्सी बघा.

दारू: मोजण्यातली चूक आणि “झोपू दे, उतरेल”

“दोनच पेग” या हिशेबाला परदेशात अर्थ उरत नाही. ब्रिटनमध्ये एका युनिटमध्ये 8 ग्रॅम अल्कोहोल धरतात, ऑस्ट्रेलियात एका प्रमाणित पेयात 10 ग्रॅम, अमेरिकेत 14. शरीर ते ठरलेल्या वेगानेच काढतं. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण 0.015 टक्क्याने उतरतं. कॉफी, थंड पाणी किंवा उलटी यांनी हा वेग वाढत नाही. ग्लास नजरेआड झाला की तो सोडून द्या.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे नशेत निपचित पडलेल्या मित्राला खोलीत झोपवून दार लावणं. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात जात राहते, म्हणजे झोपल्यानंतरही नशा वाढते. त्यात उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. हलवून, चिमटा काढून जागा होत नसेल, मिनिटाला 8 पेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत 10 सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार असेल, तर रुग्णवाहिका बोलवा. श्वास अजिबात नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. फोनवरचा माणूस कसं करायचं ते सांगत राहील.

श्वास चालू असेल तर गाडी येईपर्यंत मित्राला कुशीवर वळवायचं. त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. तुमच्या बाजूचा त्याचा हात शरीराशी काटकोनात बाहेर ठेवा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याचा मागचा भाग तुमच्या बाजूच्या गालाला टेकवा आणि तिथेच धरून ठेवा. दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा वर घ्या आणि तो आपल्याकडे ओढा. शरीर सहज कुशीवर येतं. वरचा पाय काटकोनात ठेवा म्हणजे तो पालथा पडणार नाही. मग हनुवटी किंचित वर उचला, तोंड जमिनीकडे राहू द्या. शेजारीच बसा आणि श्वास मोजत राहा. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर दारूच्या नियमाखाली कारवाई करत नाहीत. तुमच्याकडचा नियम सत्र सुरू होतानाच वाचून ठेवा, म्हणजे त्या रात्री हात अडखळणार नाही.

भेसळीची दारू वेगळीच फसवते. नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसमधल्या वांग वियेंग इथे मिथेनॉलच्या (भेसळीच्या दारूत आढळणाऱ्या विषारी अल्कोहोलच्या) विषबाधेने सहा परदेशी पर्यटक दगावले, त्यात दोघी 19 वर्षांच्या होत्या. सुरुवातीची लक्षणं साध्या हँगओव्हरसारखी असतात. खरा त्रास बहुधा 12 ते 24 तासांनी येतो: धूसर दिसणं, पोटदुखी, धाप. पिऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी नजर अंधुक झाली तर झोपून काढू नका, मिथेनॉलचा संशय आहे हे डॉक्टरांना शब्दांत सांगा. फोमेपिझोल किंवा इथेनॉलचा उतारा आणि डायलिसिस यांनी डोळे आणि जीव वाचू शकतात, पण वेळेत. फुकटचे शॉट, बादलीतलं मिश्रण आणि सील नसलेली बाटली या तीन गोष्टी नाकारल्या तर धोका बराच टळतो.

परीक्षेसाठी मित्राकडून उसनी घेतलेली उत्तेजक गोळी दारूसोबत घेतली तर नशा जाणवत नाही आणि माणूस पीत राहतो. औषधाच्या दुकानाबाहेरून आलेल्या गोळीत फेंटानिल, म्हणजे अफूच्या जातीचं अतितीव्र वेदनाशामक, असू शकतं. त्यावरचा उतारा म्हणजे नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा 2 ते 3 मिनिटांत काम करतो, पण त्याचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो. माणूस उठून बसला तरी रुग्णवाहिका परत पाठवू नका.

शरीरसंबंधांनंतर घड्याळ बघा

निरोध स्वतःजवळ असावा, गरम बॅगेत किंवा पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला नसावा. तेलाने लॅटेक्स फाटतं. पाण्यावर आधारित वंगण वापरा.

निरोध फाटला तर गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी 72 तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी चांगली. युलिप्रिस्टल 120 तासांपर्यंत चालते. ती घेतल्यावर नेहमीची हार्मोनची गोळी पाच दिवस सुरू करू नका. गोळी घेऊन तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घेतात. सोमवारी बघू म्हणून शनिवार-रविवार घालवणं हीच नेहमीची चूक. ही औषधं रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात विचारा. अत्याचार झाला असेल तरीही हीच मुदत लागू आहे, आणि उपचार घ्यायला तक्रार करायचं ठरवलेलं असण्याची गरज नाही. दोष तुमचा नाही.

कुत्रा, माकड, वटवाघूळ

मंदिराच्या आवारातलं माकड किंवा रस्त्यावरचं पिल्लू चावतं आणि जखम छोटी म्हणून पट्टी लावून विषय संपतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की तो जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा; घड्याळ लावा, कारण दोन मिनिटंच खूप वाटतात. मग त्याच दिवशी लस. आधी लस घेतली नसेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि ते अनेक ठिकाणी मिळत नाही. आधी दोन डोस (0 आणि 7 व्या दिवशी) घेतलेले असतील तर चावल्यानंतर 0 आणि 3 दिवसांचे दोन डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. दूरच्या गावांत काम करणार असाल तर एवढ्याचसाठी ती लस घेऊन जा.

उंची आणि पाणी

विमानाने थेट 3,400 मीटरवरच्या पेरूमधल्या कुस्कोला उतरून दुसऱ्याच दिवशी ट्रेकला निघणं ही शनिवार-रविवारच्या सहलीची ठराविक चूक. 3,000 मीटरच्या वर रोज झोपण्याची जागा 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही. उंचीचा त्रास वाढल्याची शंका आली तर मित्राला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर रात्र असली तरी खाली उतरवा. समुद्रात प्रवाह आत ओढू लागला तर त्याच्या विरुद्ध न पोहता किनाऱ्याला समांतर पोहा. दारू पिऊन पाण्यात उतरू नका, बाल्कनीच्या कठड्यावर बसू नका.

मन

ठीक वाटायला लागलं म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून नैराश्याचं औषध एकदम बंद केलं तर काही दिवसांत चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते आणि तो घरच्या आठवणीचा त्रास समजला जातो. निघण्याआधी पुरेसा साठा आणि तिथल्या डॉक्टरांची पहिली वेळ ठरवून घ्या. समुपदेशकांकडे सत्राच्या मध्यात रांग लागते. मित्र खोलीतून बाहेर येईनासा झाला, वस्तू वाटून टाकू लागला, तर “जीव द्यावासा वाटतो का?” असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उत्तर होय असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि आपत्कालीन क्रमांक लावा: युरोपीय संघात 112, ब्रिटनमध्ये 999, अमेरिका-कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000.

ताप

मलेरियाच्या भागातून परतल्यावर तो टाळण्याच्या गोळ्या लगेच थांबवणं ही चूक सगळीकडे दिसते. डॉक्सिसायक्लिन परतल्यानंतर 4 आठवडे घ्यायची असते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल 7 दिवस. डेंग्यूची शक्यता असेल तोवर तापात आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो, पॅरासिटामॉल घ्या. आणि मलेरियाच्या भागात गेल्यापासून सात दिवसांनंतर, परतल्यावरही वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. कुठल्या देशात, कोणत्या तारखांना होतात, गोळ्या किती चुकल्या, हे डॉक्टरांनी विचारण्याआधी तुम्ही सांगा. पहिली तपासणी निर्दोष आली तरी 12 ते 24 तासांनी पुन्हा करायची, आणि अशा तीन तपासण्या झाल्याशिवाय मलेरिया नाही असं मानायचं नाही.