मराठी मीमवरची अक्षरं वाचता येईनात?

इंग्रजी मीमची ती जाडजूड पांढरी अक्षरं 'इम्पॅक्ट' फॉन्टची. त्यात देवनागरी नाही. म्हणून मराठी ओळ टाकली की ॲप गुपचूप कुठला तरी किरकोळ फॉन्ट लावतं, आणि विनोद फोटोत बुडतो.

१. 'बालू २' किंवा 'मुक्ता' घ्या, सर्वांत जाड वजनात (म्हणजे जाडीच्या प्रकारात). दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, गूगल फॉन्ट्सवर फुकट.

२. अक्षरांमधलं अंतर शून्य. वाढवलंत की शिरोरेषेचे तुकडे पडतात. डिझायनरच्या पोटात तिथेच गोळा येतो.

३. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या साधारण १.३ पट ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला धडकतो.

४. खरी युक्ती ही: मजकुराची कॉपी करून बरोबर त्याच्यावरच ठेवा. मागच्या प्रतीला जाड काळी कड, पुढची नुसती पांढरी. एकच प्रत ठेवून तिलाच कड दिली तर ती अनेकदा आत शिरते आणि 'क्ष', 'ण'च्या पांढऱ्या रेघा बारीक होतात.

पाठवण्याआधी चित्र अंगठ्याएवढं करून वाचा. आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासा; फॅमिली ग्रुपवर विनोदाला कोणी हसत नाही, पण 'आणी' लगेच पकडतात.