आप्पांचा हयातीचा दाखला घरीच कसा काढायचा

आप्पा साखर कारखान्यात ३२ वर्षं फिटर होते. लोखंडी पाने धरून धरून बोटांच्या रेघाच झिजल्यात. पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी हयातीचा दाखला, म्हणजे माणूस जिवंत असल्याचा पुरावा, द्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी त्यासाठी तालुक्याला नेलं तर यंत्र अंगठा घेईना. ७४ व्या वर्षी तीन हेलपाटे झाले. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या १९९५ च्या योजनेची, पेन्शन तुटपुंजी. २०१४ मध्ये किमान १,००० रुपये ठरली, तेव्हापासून औषधं किती महागली! पण गोळ्या ते त्याच पैशांतून आणतात, माझ्याकडे मागत नाहीत. म्हणून ही पेन्शन अडकलेली मला चालत नाही.

आता चेहऱ्यावरून दाखला निघतो. फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेसआरडी’ ही दोन्ही अ‍ॅप घ्या. आधी ‘ऑपरेटर’ म्हणून स्वतःची नोंद करायची: तुमचं आधार, ओटीपी, तुमचा चेहरा. हे एकदाच. मग पेन्शनरचं आधार, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), बँक खातं. पीपीओ कागदावरून बघूनच भरा, आठवणीवर जाऊ नका. एक आकडा चुकला तर दाखला निघतो, पण पुढे नाकारला जातो. पुनर्विवाह केलाय का, असंही विचारतात. ते आप्पांना वाचून दाखवलं आणि उत्तर त्यांनाच द्यायला लावलं. दाखला त्यांचा आहे.

चेहऱ्यासाठी सकाळी ओसरीवर बसवा, उजेड समोरून हवा, पाठीमागे साधी भिंत. कॅमेऱ्याची काच पुसा. डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, ती सावकाश. आमचं दुसऱ्या खेपेला जमलं. घाई केली की म्हातारं माणूस बावरतं, तेव्हा मध्ये चहा होऊ द्या.

मेसेजमध्ये प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर, येतो, तो पासबुकात लिहून ठेवा. चार-आठ दिवसांनी त्याच आयडीवरून दाखला स्वीकारला गेला का, ते बघायला विसरू नका.

सरकारी पेन्शनरांसारखी ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचीच सक्ती नाही. कधीही काढा, त्या दिवसापासून वर्षभर चालतो. मी पुण्याहून यात्रेला जाते तेव्हाच काढते. जवळ कुणीच नसेल तर पोस्टमनला सांगा, पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे तो घरी येऊन करून देतो.

आणि ‘पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवायचं. आप्पांच्या फोनशेजारी भिंतीवर हा नंबर मी खडूने मोठा लिहून ठेवलाय.