मरळ मासा गळाने पकडायच्या स्पर्धेत उतरताय?

पवई तलावावर पहाटे जलपर्णीच्या कडेला आधी नुसतं बघत बसा. मरळ हवा घ्यायला वर येतो, ‘पुचुक’ होतं, दोन-चार बुडबुडे उरतात. तिथून हातभर पुढे गळाला लावलेला रबरी बेडूक टाका आणि पानांवरून थबकत-थबकत ओढा. दोरी ब्रेडेडच, म्हणजे विणलेली हवी. नायलॉन देठांत घासून तुटते.

खरी गोम पुढे आहे. मासा बेडकावर झडपला आणि पाणी फुटलं की लगेच झटका देऊ नका! पहिल्या स्पर्धेत माझे तिन्ही मासे तसेच गेले, एकदा तर बेडूक उडून माझ्याच टोपीवर. आता मी मनात ‘एक वडा, दोन वडा’ म्हणतो आणि दोरी ताणली की मगच काठी उचलतो. शेजारचे काका हसतात. हसू देत.

पावसाळ्यात केशरी पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकूच नका, खाली आईबाप राखणीला असतात. मासा मोजून सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच पकडीने चेपून ठेवा. हात ओले करून धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

आणि हो, पाण्यात पाय सोडून बसू नका. पवईत मगरी आहेत.